गावातल्या संगणकावर बेसबॉल लीग: मांडणी, देखभाल आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कसला खेळ आहे? बॅट आपण फिरवायची का?

नाही. यात तुम्ही संघाचे मॅनेजर असता. खेळाडू कोणते घ्यायचे, कोणाला सोडायचं, आज पिचिंग (म्हणजे चेंडू फेकणं) कोण करणार, फलंदाजीचा क्रम काय, पैसा कुठे लावायचा हे तुम्ही ठरवता आणि सामना संगणक खेळतो. प्रत्येक चेंडूचा निकाल खेळाडूंच्या गुणांवरून आणि नशिबाच्या फाशावरून निघतो. खरी गोडी एका सामन्यात नसून वीस-पंचवीस हंगाम एकच लीग चालवण्यात आहे. म्हणूनच खाली खेळाच्या डावपेचांपेक्षा लीग जिवंत ठेवण्यावर जास्त लिहिलं आहे.

कोणता खेळ घ्यावा?

गावात संगणक जुना आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं असेल तर झेनजीएम बेसबॉल. तो फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतो आणि एकदा नीट उघडला की नेट गेलं तरी लीग पुढे खेळता येते. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. खेळाडू काल्पनिक असतात.

संगणक बरा असेल आणि खरे अमेरिकन संघ, जुने हंगाम, खालच्या मायनर लीगा असं सगळं हवं असेल तर आउट ऑफ द पार्क बेसबॉल, ज्याला सगळे ओओटीपी म्हणतात. जर्मनीच्या मार्कस हाइन्सोन यांनी सुरू केलेला हा खेळ १९९९ पासून निघतो आहे. १८७१ पासूनचा कोणताही हंगाम त्यात मांडता येतो. तो विकत घ्यावा लागतो आणि दरवर्षी नवी आवृत्ती येते. पहिल्यांदा घेणाऱ्याने एक-दोन वर्षं जुनी आवृत्ती स्टीमवर (संगणकाचे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान) सवलतीत घेतली तरी काही बिघडत नाही, त्यात शिकायला वर्षभर पुरेल इतकं आहे. पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या क्रॅक कॉपीच्या नादी लागू नका. त्यातून येणारा व्हायरस आधी पेन ड्राइव्ह खातो, म्हणजे नेमकी तुमची बॅकअपची जागा.

आपल्याले त फक्त क्रिकेट समजते. जमेल का?

जमेल. एवढं पक्कं करून घ्या: डाव नऊ, प्रत्येक डावात दोन्ही संघांना फलंदाजी, आणि तीन बाद झाले की पाळी संपली. पिचर ६० फूट ६ इंचांवरून फेकतो (आपली खेळपट्टी ६६ फुटांची असते, म्हणजे अंतर फार वेगळं नाही), पण चेंडूला टप्पा नसतो. मागे किंवा रेषेबाहेर मारलेला चेंडू फाउल, त्यावर धाव नाही. लेट कट, ग्लान्स विसरा. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की सॉफ्टबॉल सात डावांचा असतो आणि त्यात पिचर हात खालून फिरवतो.

गोंधळ होतो तो आकड्यांत. बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे धावांची सरासरी नव्हे. हिट (चेंडू मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, सुखरूप पोचणं) भागिले ॲट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या). ०.३०० म्हणजे दहात तीन वेळा हिट, आणि तो फलंदाज उत्तम समजला जातो. चार बॉल (पट्ट्याबाहेरचे चेंडू) सोडून फुकट मिळालेला पहिला बेस, म्हणजे वॉक, ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत, म्हणून वॉक घेणाऱ्या संयमी फलंदाजाची किंमत या आकड्यात दिसत नाही. ती पाहायला ओबीपी पाहा, म्हणजे तो बेसवर किती वेळा पोचतो. पिचरसाठी ईआरए: नऊ डावांमागे त्याच्या माथी किती धावा लागल्या. ३ च्या आसपास झकास, ५ च्या वर गेला तर पर्याय शोधा. नव्या माणसाची हमखास चूक म्हणजे ॲव्हरेज पाहून खेळाडू घेणं. ओबीपी पाहून घ्या.

संगणक किती जुना चालेल?

झेनजीएमला ४ जीबी रॅम आणि नव्या आवृत्तीचा ब्राउझर एवढं पुरतं. अडचण ब्राउझरचीच येते. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ नंतर पुढे सरकत नाही आणि जुन्या ब्राउझरवर खेळ आज ना उद्या अडतो. अशा मशीनवर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. शाळेच्या लॅबमधून निघालेले जुने सीपीयूसुद्धा त्यावर पुन्हा कामाला लागतात.

ओओटीपीसाठी ८ जीबी रॅम आणि एसएसडी धरा. वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. पैसा एकाच गोष्टीवर लावायचा असेल तर एसएसडीवर लावा. २४० जीबीची साधी साटा एसएसडीसुद्धा पुरते. दिवस पुढे ढकलताना खेळ शेकडो लहान फायली लिहितो, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तिथेच मिनिटं जातात.

ओओटीपी काही जीबींचा आहे. एवढा डाउनलोड गावात कसा करायचा?

स्टीमचा डाउनलोड अर्धवट थांबवता येतो आणि तिथूनच पुढे चालू करता येतो. रोजच्या पॅकमधून रात्री उरलेला डेटा लावला तर तीन-चार रात्रींत काम होतं. तालुक्याच्या गावी चांगलं वायफाय असलेला मित्र असेल आणि त्याच्याकडेही हाच खेळ असेल, तर त्याच्या संगणकावरच्या स्टीमॲप्समधल्या कॉमन फोल्डरातून खेळाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर आणा. तो आपल्याकडे त्याच जागी ठेवा आणि मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. असलेल्या फायली तपासून फक्त उणं-पुरं डाउनलोड होतं. खेळ मात्र तुमच्याही खात्यावर विकत घेतलेला हवा.

स्टीमचा ऑफलाइन मोड नेट असतानाच एकदा चालू करून, खेळ उघडून पाहून ठेवा. नेट गेल्यावर पहिल्यांदा प्रयत्न केला तर लॉगिनवरच अडकाल.

लाइन गेली त लीग जाते का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

झेनजीएम आपला डेटा ब्राउझरच्या आतल्या इंडेक्सडीबी नावाच्या साठ्यात ठेवतो. तिथे लिहिणं पूर्ण झालं तर झालं, नाहीतर झालंच नाही, असा हिशेब असतो. त्यामुळे मधेच लाइन गेली तर बहुधा शेवटचा एखादा दिवस पुन्हा खेळावा लागतो, लीग शाबूत राहते. ओओटीपीचं तसं नाही. त्याची लीग म्हणजे एक फोल्डर आणि त्यात असंख्य फायली. सेव्ह चालू असताना लाइन गेली तर काही फायली नव्या, काही जुन्या, एखादी अर्धी लिहिलेली, आणि पुढच्या वेळी लीग उघडतच नाही.

उपाय तीन थरांचे. पहिला यूपीएस. बाजारात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस संगणक आणि एलईडी मॉनिटरला दहा ते वीस मिनिटं देतो. खेळायला नव्हे, सेव्ह करून बंद करायला. प्रिंटर आणि स्पीकर त्यावर लावू नका. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत त्याआधीच. दर दोन महिन्यांनी लीग बंद असताना प्लग काढून पाहा. पाच मिनिटंही टिकत नसेल तर बॅटरी बदला, पूर्ण यूपीएस नको.

दुसरा थर घरातला इन्व्हर्टर, असेल तर. बऱ्याच इन्व्हर्टरवर मागे किंवा पुढे एक खटका असतो: यूपीएस मोड आणि ईको किंवा नॉर्मल मोड. ईको मोडमध्ये लाइन बदलायला लागणारा वेळ पंख्याला चालतो, संगणकाला नाही, तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून खटका यूपीएस मोडवर हवा. पण त्यात एक मेख आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज सहन करत नाही, साधारण १८० च्या खाली गेलं की बॅटरीवर येतो. ओलिताच्या दिवसांत शिवारातले पंप सुरू झाले की गावात व्होल्टेज पडतं. मग इन्व्हर्टर दिवसभर बॅटरीवर राहतो आणि संध्याकाळी खरंच लाइन गेली की हात वर करतो. अशा गावात इन्व्हर्टर ईको मोडवर ठेवून संगणकाला वेगळा लहान यूपीएस लावणं परवडतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर काही सीपीयूंचे पॉवर सप्लाय गुणगुणतात आणि यूपीएस ती लाइन धरतच नाही.

तिसरा थर म्हणजे सवय. एका दमात वर्षभराचा हंगाम पळवू नका. महिना-महिना पुढे जा आणि प्रत्येक महिन्याला सेव्ह करा. सेव्ह चालू असताना काहीच दाबू नका.

मृगाच्या सुमाराला गडगडाट सुरू झाला की यूपीएसवर विसंबू नका. भिंतीतून प्लग काढा, नेटची किंवा अँटेनाची वायर असेल तर तीही काढा. वीज त्या वायरीतूनही येते. आणि अर्थिंग तपासून घ्या. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती नाही, आधी वायरमनला बोलवा.

उन्हाळ्यात खेळ मधातच हळू काहून होते?

सिम्युलेशन (संगणकाने सामने खेळणं) प्रोसेसरला सतत पूर्ण जोराने पळवतं. चंद्रपूर, अकोला, वर्धा भागात पारा ४५ च्या वर गेला की टिनाच्या खोलीत प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. खेळ बिघडलेला नसतो. लांबलचक सिम्युलेशन सकाळी नऊच्या आत किंवा रात्री उशिरा करा.

कूलरच्या झोतात संगणक ठेवू नका. कूलरची हवा ओली असते. गवताच्या जाळीतून उडणारे बारीक थेंब मदरबोर्डवर बसले की त्यांच्यातल्या क्षारांचा पांढरा थर उरतो आणि रॅमच्या पिनांना गंज चढतो. झोत भिंतीकडे फिरवा, खिडकी थोडी उघडी ठेवा. कूलर आणि संगणक एकाच बोर्डावर लावू नका, मोटर सुरू होताना व्होल्टेजला धक्का बसतो.

कापसाच्या गावांत धुळीत रुईचे तंतू असतात. ते प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंकवर नमद्यासारखे बसतात. जिनिंगचा हंगाम आटोपल्यावर एकदा आणि मे लागण्याआधी एकदा कॅबिनेट उघडा. पंखा बोटाने धरून मऊ रंगाच्या ब्रशने साफ करा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी असतं आणि पंखा मोकळा राहिला तर भलत्याच वेगाने फिरून त्याची बेअरिंग जाते. साफ करूनही तापत असेल तर थर्मल पेस्ट वाळली आहे, ती बदला. वाटाण्याएवढी पुरते.

विदर्भातल्या जिल्ह्यांची लीग करता येते का?

येते, आणि करावीच. आपले संघ असले की पहिल्या हंगामातच जीव गुंततो. झेनजीएममध्ये नवी लीग करताना संघ बदलायची सोय आहे.

विदर्भात जिल्हे ११. नागपूर विभागात सहा: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. अमरावती विभागात पाच: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम. अकरा हा आकडा वेळापत्रकाला त्रास देतो, एक संघ कायम मोकळा राहतो. अमरावती विभागात अचलपूर किंवा खामगाव असा एक संघ वाढवा, म्हणजे सहा-सहाचे दोन गट होतात.

नेहमीचे १६२ सामने १२ संघांना जास्त होतात. ६६ ठेवा: प्रत्येक संघ उरलेल्या ११ जणांशी सहा-सहा वेळा. प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) दोन फेऱ्यांचा करा, चार संघ, पहिली फेरी पाच सामन्यांची आणि अंतिम सातची. हे आकडे इंग्रजी अंकांतच टाका, देवनागरी अंक सेटिंगच्या रकान्यात चालत नाहीत.

लोकसंख्येचा रकाना दशलक्षात असतो. दहा लाख म्हणजे १. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नागपूर जिल्ह्याला ४.६५, अमरावतीला २.८९, गडचिरोलीला १.०७ पडतात. हे आकडे नुसते शोभेचे नसतात. मोठ्या बाजारपेठेच्या संघाला उत्पन्न जास्त मिळतं आणि काही खेळाडूंच्या मनाचा कलही तिकडे असतो. खरे आकडे टाकले तर गडचिरोली चालवणं हे सगळ्यात कठीण आणि सगळ्यात समाधान देणारं काम होतं. चार मित्र मिळून खेळणार असाल तर मात्र सगळ्यांना सारखीच लोकसंख्या द्या, नाहीतर नागपूर कोणाला यावरून सुरुवातीलाच वाद होतो.

खेळाडूंची नावं मराठी हवी असतील तर लीग सेटिंग्जमधल्या खेळाडूंच्या माहितीच्या भागात देश आणि नावांची यादी बदलता येते. किमान शंभर नावं आणि शंभर आडनावं भरा, नाहीतर एकाच संघात तीन-तीन वानखडे येतात आणि बॉक्स स्कोअर (सामन्याचा तपशीलवार धावफलक) वाचवत नाही.

मी बाहेरून आणलेली खेळाडूंची फाईल लावली अन् रनांचा पाऊस पडून राहिला. काय चुकलं?

आधी मोजा. अलीकडच्या मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) एका संघाच्या एका सामन्यात साधारण ४.४ ते ४.६ धावा होतात आणि सगळ्या लीगची बॅटिंग ॲव्हरेज ०.२४० ते ०.२५० असते. तुमची लीग ५.५ आणि ०.२८० दाखवत असेल तर त्या फाईलमधले फलंदाज पिचरांपेक्षा उदार हाताने भरलेले आहेत. झेनजीएममध्ये मूळ फाईल न बदलता त्याच सेटिंगवर नेहमीच्या काल्पनिक खेळाडूंची एक चाचणी लीग बनवून एक हंगाम पळवा. तिथे आकडे ठीक आले तर दोष फाईलचा.

ओओटीपीत काल्पनिक लीगसाठी लीग टोटल्स (लीगची एकूण आकडेवारी) आणि मॉडिफायर (ती वर-खाली करणारे गुणक) असतात. तिथे हवी ती एकूण आकडेवारी ठरवून मॉडिफायर आपोआप काढून घ्या. हाताने एकेक आकडा ओढू नका. होम रन (षटकारासारखे फटके) कमी केले की दुसरीकडे काहीतरी फुगतं. बदल नेहमी दोन हंगामांच्या मधात करा.

टीम तगडी असून हरते काहून?

१६२ सामन्यांत अगदी बरोबरीचा संघ, म्हणजे ८१ जिंकायला हवा तो, नुसत्या नशिबाने साधारण सहा सामने इकडे-तिकडे होतो. ७५ जिंकला किंवा ८७ जिंकला तरी त्यात काही विशेष नाही. ६६ सामन्यांच्या लीगमध्ये हा झोल चारेक सामन्यांचा असतो, पण हंगामच लहान असल्याने तो जास्त जाणवतो.

संघ खरंच कसा आहे हे पाहायला बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांचं सूत्र वापरा. केलेल्या धावांचा वर्ग भागिले, केलेल्या धावांचा वर्ग अधिक दिलेल्या धावांचा वर्ग. ७५० केल्या आणि ६५० दिल्या तर उत्तर ०.५७१, म्हणजे १६२ पैकी ९२-९३ विजय अपेक्षित. तुम्ही ८५ जिंकलात तर संघ मोडू नका, नशीब आडवं आलं. सूत्रच ८० सांगत असेल तर हात घाला.

हात घालताना आधी पिचर पाहा. पाच स्टार्टरची (सामना सुरू करणाऱ्या पिचरांची) फिरती हवी. थकलेल्या पिचरला उतरवलं की धावा पडतातच. मग डेप्थच्या (संघ लावायच्या) पानावर जाऊन पाहा की आपोआप लावण्याची खूण निघाली आहे का. एकदा हाताने क्रम बदलला की ती निघते, आणि पुढे कोणी जखमी झाला तरी बदल तुम्हालाच करावा लागतो. बऱ्याच हाराकिरीचं कारण एवढंच असतं. शेवटी बचाव: कॅचर (यष्टिरक्षकासारखा), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला) आणि सेंटर फील्ड (मागच्या मैदानाचा मधला भाग) या तीन जागी बॅट थोडी कमी चालली तरी चालते, हात पक्के हवेत.

गॉड मोड चालू करू का?

गॉड मोड म्हणजे लीगमधलं काहीही हाताने बदलायची मुभा. स्वतःची लीग मांडताना, चुकलेली नावं दुरुस्त करताना हो. एकदा चालू केला की त्या लीगमध्ये अचिव्हमेंट (खेळातली बक्षिसं) मिळत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

पोरानं ब्राउझर साफ केला अन् लीग गायब झाली. परत येईल का?

एक्स्पोर्ट केलेली फाईल असेल तर येईल. नसेल तर नाही. झेनजीएमची लीग कुठल्या सर्व्हरवर नसते, त्या संगणकावरच्या त्या ब्राउझरमध्येच असते. क्रोममध्ये नुसत्या कॅश इमेजेस पुसल्या तर काही होत नाही, पण कुकीज आणि साइट डेटा पुसला की लीग गेली. संगणक साफ करणारी फुकट ॲपं हेच करतात. इनकॉग्निटोमध्ये बनवलेली लीग खिडकी बंद केली की संपते. क्रोममधली लीग फायरफॉक्समध्ये दिसत नाही, ती हरवलेली नसते, दुसऱ्या घरात असते. नेट कॅफेच्या किंवा शाळेच्या संगणकांवर बंद करताच सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असू शकतं, तिथे उठण्याआधी एक्स्पोर्ट केल्याशिवाय गत्यंतर नाही.

ग्लोबल सेटिंग्जमध्ये पर्सिस्टंट स्टोरेज चालू करा. डिस्क भरत आली की ब्राउझर आपणहून जुना साठा उडवू शकतो, ते याने टळतं. फोनवर खेळणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

बॅकअप कसा आणि किती वेळा?

झेनजीएममध्ये टूल्स, मग एक्स्पोर्ट लीग, आणि कॉम्प्रेस्डचा पर्याय निवडा, फाईल बरीच लहान होते. ओओटीपीत खेळ पूर्ण बंद करून डॉक्युमेंट्समधल्या आउट ऑफ द पार्क डेव्हलपमेंट्स या फोल्डरात आपल्या आवृत्तीच्या सेव्ह्ड गेम्समध्ये जा. तुमच्या लीगच्या नावापुढे डॉट एलजी असलेला अख्खा फोल्डर झिप करा. खेळ चालू असताना केलेली कॉपी धरू नका.

हंगामात दोनदा तरी: प्लेऑफच्या आधी आणि ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) आधी. नावात वर्ष आधी, मग महिना लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. जुन्या फाईलवर नवी लिहू नका, शेवटच्या पाच ठेवा. एखादा बिघाड दोन बॅकअप आधीच शिरलेला असू शकतो. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे स्वतःलाच व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईलसुद्धा चालते, पण फक्त व्हॉट्सॲपवर विसंबू नका, फोन बदलला की जुन्या फायली उघडत नाहीत.

पंधरा हंगाम झाले, खेळ सुस्त झाला.

जुने बॉक्स स्कोअर साठले आहेत. झेनजीएममध्ये टूल्समधलं डिलीट ओल्ड डेटा वापरा, आधी एक्स्पोर्ट करून. पुसलेलं परत येत नाही. ओओटीपीत कमी लीगा चालवा. उपयोग नसलेल्या परदेशी आणि मायनर लीगा लीग मांडतानाच काढल्या तर सगळ्यात जास्त फरक पडतो.

आकडे एक्सेलमध्ये घेतले तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

सीएसव्ही फाईलवर डबल क्लिक करू नका. एक्सेल उघडून डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणा आणि यूटीएफ-८ निवडा.

चौघे मित्र चार गावांत. एकच लीग चालवता येईल?

ओओटीपीत ऑनलाइन लीगची पद्धत आहे. कमिशनर (लीग चालवणारा) दिवस पुढे नेतो, बाकीचे लीगची फाईल उतरवून आपल्या संघाचे निर्णय एक्स्पोर्ट करून परत पाठवतात. झेनजीएममध्ये मल्टी टीम मोड चालू करून एकाच फाईलमध्ये चौघांचे संघ ठेवता येतात, पण एका वेळी फाईल एकाच्याच हातात हवी. मूळ प्रत कोणाकडे हे आधी ठरवा. बाकीच्यांनी आपले बदल, म्हणजे ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), करार, फलंदाजीचा क्रम, मेसेजवर लिहून पाठवावेत आणि ज्याच्याकडे प्रत आहे त्याने ते भरावेत. आठवड्यातून दोन ठरलेले वार ठेवा, रात्री नऊपर्यंत आलं ते धरलं, नंतरचं पुढच्या वाराला. दोघांनी आपापल्या प्रती पुढे खेळल्या तर त्या पुन्हा एक करता येत नाहीत. एक टाकून द्यावी लागते, आणि लीगा बहुतेक याच भांडणात बंद पडतात.

नवा संगणक घेतला. जुनी लीग त्यावर कशी न्यावी?

झेनजीएममध्ये एक्स्पोर्ट केलेली फाईल नव्या मशीनवर नवी लीग बनवताना अपलोड करा. ओओटीपीत आधी तीच आवृत्ती इन्स्टॉल करून एकदा उघडा, म्हणजे फोल्डर तयार होतात. मग डॉट एलजी फोल्डर सेव्ह्ड गेम्समध्ये ठेवा. आवृत्तीही बदलायची असेल तर ते दुसरं पाऊल, एकाच वेळी दोन्ही नको. नव्या मशीनवर तारीख, गुणतक्ता आणि दोन-चार खेळाडूंचे करार जुन्याशी ताडून पाहा, एक महिना खेळून, सेव्ह करून, बंद करून परत उघडा. हे सगळं जुळेपर्यंत जुना संगणक फॉरमॅट करू नका आणि विकूही नका.